नेटवर्किंगच्या कामाला कोणती ऑपरेटिंग सिस्टिम? तुमचे अनुभव लिहा

हा विषय निघाला की दोन्हीकडचे लोक बाह्या सरसावतात आणि दहा मिनिटांत गाडी भलत्याच रुळावर जाते. म्हणून इथे 'चांगली कोणती' हा वाद नको. तुम्ही स्वतः काय वापरता आणि ती सवय कशी लागली किंवा कशी सुटली, तेवढंच सांगा. प्रसंग असेल तर फारच छान.

सुरुवात मीच करतो. मी विंडोजवरून लिनक्सवर आलो तो ट्रेसरूटमुळे, म्हणजे पॅकेट कुठल्या टप्प्यांवरून जातं ते दाखवणाऱ्या कमांडमुळे. एका लांबच्या सर्व्हरपर्यंत जोडणी होत नव्हती. माझ्या विंडोजवर मार्ग शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होता, सहकाऱ्याच्या लिनक्सवर पाचव्या टप्प्यानंतर नुसत्या चांदण्या (*), म्हणजे उत्तरच नाही. तासभर आम्ही एकमेकांच्या केबलकडे संशयाने बघत बसलो. मग उलगडा झाला. विंडोजचं ट्रेसर्ट (तिथलं ट्रेसरूट) आयसीएमपी पाठवतं, म्हणजे पिंगसारखी तपासणीची पॅकेट्स. लिनक्सचं ट्रेसरूट, काही सांगितलं नाही तर, यूडीपी (आधी जोडणी न करता सोडलेली पॅकेट्स) पाठवतं, तेही ३३४३४ पासून पुढच्या पोर्टवर. मधल्या फायरवॉलने ते यूडीपी अडवलं होतं. पण सर्व्हरचं काम तर टीसीपीवर (आधी जोडणी करून बोलणाऱ्या पद्धतीवर) चालायचं, म्हणजे आम्ही दोघंही चुकीचंच विचारत होतो. लिनक्सवर त्याच कमांडने टीसीपीचा मार्ग काढता आला, आणि खरा अडथळा सातव्या टप्प्यावर सापडला. त्या आठवड्यात लॅपटॉपवर लिनक्स चढवलं.

*

मी विंडोज सोडलेलं नाही. माझं काम ऑफिसातल्या नेटवर्कचं आहे: डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), डीएचसीपी (पीसींना पत्ते वाटणं), डोमेन (सगळ्यांची एकत्र खाती) आणि शेकडो टेबलांवरचे पीसी. तक्रार ज्या पीसीवर आहे तिथूनच बघावं लागतं आणि त्यावर बाहेरचं काही टाकायची परवानगी नसते. अशा वेळी पॉवरशेलमधली (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड पोर्ट उघडा आहे की नाही ते लगेच सांगतं. पॅकेट पकडायला पीकेटीमॉन हे साधन तर २०१८ पासून विंडोज १० मध्ये आयतंच येतं. एसएसएचसुद्धा (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) त्याच वर्षी आत आलं, तोवर त्यासाठीच्या पुटी या प्रोग्रॅमची पेनड्राइव्ह गळ्यात असायची.

एकाच कामाला मात्र मी लिनक्सचा जुना लॅपटॉप कपाटात ठेवलाय. एकदा ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्क्स, वाहून नेणारा पोर्ट) वायरशार्क हा पॅकेट पकडणारा प्रोग्रॅम लावून बसले होते आणि एकाही पॅकेटवर ते कुठल्या व्हीलॅनचं हे सांगणारा टॅग दिसेना. अर्धा दिवस स्विचचं कॉन्फिगरेशन उलटंपालटं केलं. स्विच निर्दोष होता. माझ्या विंडोजवर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर टॅग काढून घेऊन मगच पॅकेट वर देत होता. रजिस्ट्रीत एक नोंद बदलली की काही कार्डांवर टॅग दिसतात, पण प्रत्येक कार्डाची तऱ्हा वेगळी. त्यापेक्षा कपाट उघडणं सोपं.

*

मला काहीही चालतं. स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल लावली, ९६०० हा वेग टाकला आणि स्विचने उत्तर दिलं की झालं. (लिनक्सवर नवे असाल तर स्वतःला आधी डायलआउट ग्रुपमध्ये (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांत) घाला. 'परवानगी नाही' हे मी रात्री दोन वाजता रॅकसमोर उभं राहून वाचलंय.)

*

वायफायची कामं जास्त असल्याने मॅक. ऑप्शन कळ दाबून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल किती, नॉइज किती, चॅनेल कोणता, सगळं समोर. हवेतली पॅकेट्स पकडायलाही वेगळं कार्ड शोधत बसावं लागत नाही.

मॅकवर नव्याने येणाऱ्यांना एकच सांगेन: डिग (डीएनएसला नाव विचारणारी कमांड) आणि ब्राउझर यांचं उत्तर जुळेलच असं समजू नका. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा) जोडलेलं असताना मॅक एका डोमेनसाठी एक डीएनएस सर्व्हर आणि दुसऱ्यासाठी दुसरा वापरू शकतो. डिगला त्याचा पत्ताच नसतो, तो रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमधला सर्व्हर वाचून तिकडे जातो. साइट ब्राउझरमध्ये उघडतेय आणि डिग म्हणतोय असं नावच नाही, हे पाहून मी डीएनएसवाल्यांना चार शब्द सुनावले होते. नंतर मॅकची एससीयूटिल ही कमांड चालवून खरी यादी बघितली आणि माफी मागितली.

*

मी बीएसडीवाला (युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम), म्हणजे इथे अल्पसंख्याक. पण आज सगळे नेटवर्कशी बोलायला ज्या सॉकेटवर प्रोग्रॅम लिहितात ते १९८३ च्या ४.२बीएसडीतून आलेत, त्यामुळे आम्हाला थोडी मिजास परवडते.

फायरवॉलसाठी मी पीएफ वापरतो. २००१ साली ओपनबीएसडी ३.० मध्ये ते आलं, पुढे फ्रीबीएसडीनेही घेतलं. नियम वाचताना साधं वाक्य वाचल्यासारखं वाटतं. त्या आधी बरीच वर्षं लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलवर काढली होती, आणि तिथली सवय अशी की आधी परवानग्या आणि सर्वांत शेवटी 'बाकी सगळं अडवा'. पीएफवरही पहिल्या दिवशी तसंच लिहिलं आणि नियम लागू केले. आयपीटेबल्समध्ये जुळणारा पहिला नियम चालतो. पीएफमध्ये जुळणारा शेवटचा चालतो, 'क्विक' लिहिलं असेल तरच तिथल्या तिथे थांबतो. माझ्या शेवटच्या ओळीने सगळ्यांनाच बाहेर काढलं, मलाही. जुनी एसएसएच जोडणी अजून जिवंत आहे की काय म्हणून मी ती खिडकी तुटेपर्यंत बघत होतो. मग गाडी काढून सर्व्हर रूम गाठली.

*

वरच्या बीएसडीवाल्यांना: म्हणून आधी टायमर लावायचा आणि मग नियमांना हात. पाच मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद होईल अशी कामाची नोंद करून ठेवायची, सगळं नीट चाललं तर ती काढून टाकायची. उबुंटू या लिनक्समध्ये नेटवर्कच्या मांडणीसाठी 'नेटप्लॅन ट्राय' हेच करतं, १२० सेकंदांत होकार दिला नाही तर जुनी मांडणी परत आणतं. जुनोसचं (ज्युनिपरच्या राउटरमधली ऑपरेटिंग सिस्टिम) 'कमिट कन्फर्म्ड' १० मिनिटं थांबतं. ही सोय असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम कोणती याने मला फरक पडत नाही.

*

मी शिकवते, आणि शिकवायला लिनक्ससारखं काही नाही. नेटवर्क नेमस्पेस (लिनक्समधले वेगळे, स्वतंत्र नेटवर्कचे कप्पे) वापरून एकाच लॅपटॉपमध्ये पाच-सहा राउटर उभे करायचे, त्यांच्यात आभासी केबल टाकायच्या, मार्ग चुकीचे लिहायचे आणि मुलांना शोधायला लावायचं. बिघडलं तर नेमस्पेस पुसून नवा धडा. 'टीसी' कमांड आणि तिच्यातल्या 'नेटेम'ने हवा तेवढा उशीर आणि हवी तेवढी पॅकेटगळतीही घालता येते.

एकदा वर्गात दाखवायला खऱ्याच इंटरफेसवर ३०० मिलिसेकंदांचा उशीर घातला आणि तो काढायला विसरले. रीस्टार्ट केला की तो नियम जातो, पण मी लॅपटॉप कधी बंदच करत नाही, नुसतं झाकण लावते. पुढचे दोन दिवस नेट फार संथ चाललंय म्हणून सगळ्यांकडे कुरकुर केली. शेवटी एका विद्यार्थ्यानेच विचारलं, "मॅडम, तो उशीर काढला होता ना?"

*

विंडोजच्या आत डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये चालणारं लिनक्स) टाकून दोन्ही डगरींवर हात ठेवणारा मी. स्क्रिप्ट, एसएसएच, अॅन्सिबल (अनेक मशीनची मांडणी एकदम करणारं साधन) यांना झकास. पण डब्ल्यूएसएल २ मुळात नॅटच्या मागे, म्हणजे विंडोजचा पत्ता वापरून आत लपून, बसतं. त्यातून एआरपी स्कॅन (त्याच नेटवर्कवरची यंत्रं शोधणं) केलं तर शेजारी म्हणून फक्त आपलंच विंडोज सापडतं. मी ते निकाल 'नेटवर्क रिकामं आहे' असं लिहून पाठवून दिले होते.

*

लिनक्स, आणि श्रेय विसराळूपणाला. शुक्रवारी एका शाखेच्या राउटरला पिंग (उत्तर येतं का बघायला पुन्हापुन्हा पॅकेट पाठवणं) लावलं, लॉग फाइलमध्ये जात होता, आणि मी तसाच उठून गेलो. लिनक्सचं पिंग थांबवल्याशिवाय थांबत नाही. सोमवारी फाइल उघडली तर पॅकेट्सचे क्रमांक दोन-तीनदा शून्यावर आलेले. तो आकडा १६ बिटांचा, म्हणजे सेकंदाला एक पॅकेट धरलं तर साधारण सव्वाअठरा तासांत एक फेरी. प्रत्येक रात्री चाळीसएक क्रमांक गायब होते. फेऱ्या मोजून वेळ काढली तर तिन्ही रात्री तीच निघाली, तिकडचा बॅकअप सुरू होण्याची. शाखेतले लोक महिनाभर सांगत होते की रात्री लाइन तुटते, आणि आम्ही दिवसा तपासून 'सगळं ठीक' कळवत होतो. विंडोजवर असतो तर चार पॅकेट्स जाऊन विषय संपला असता.

*

कपाटवाली बोलतेय. विंडोजवरही कमांडला मायनस टी (-t) दिलं की पिंग थांबत नाही हो.