अथेन्सचे साडेतीन दिवस: त्यातला एक बेटांना द्यावा का?

खिडकीची_सीट
नवऱ्याचं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अथेन्सला ऑफिसचं काम आहे. ते संपलं की मागोमाग मी, सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात) आणि बारा वर्षांचा मुलगा असे पोचणार. गुरुवारी दुपारी उतरायचं, रविवारी रात्री परतीचं विमान. घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, ग्रीसला जाऊन एकही बेट पाहिलं नाही तर लोक हसतील. त्याने हायड्रा, पोरोस आणि एजिना अशी एका दिवसात तीन बेटांची सफर हेरून ठेवली आहे, जेवण बोटीवरच. मला वाटतं, एवढा वेळ शहरालाच पुरायचा नाही. सासूबाई तटस्थ आहेत, पण "बोट लागेल का गं?" असं तीनदा विचारून झालंय.

मतं हवीत. भांडलात तरी चालेल, फक्त आमच्यापेक्षा जरा कमी.

उंटावरचा_शहाणा
नको. साडेतीन दिवस म्हणता, पण त्यातला अर्धा बॅगा टाकून आंघोळ करण्यात जातो. उरले तीन. ॲक्रोपोलिस (प्राचीन देवळांची टेकडी), त्याच्या पायथ्याचं संग्रहालय, प्राचीन अगोरा (बाजारचौक), केरामेकोसचं दफनस्थान, राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. हे सगळं धावत केलं तरी तीन दिवस गच्च. समुद्र काय, कुठेही दिसतो.

समुद्रवेडी
वरच्या यादीत ऊन धरलेलंच नाही! २०२३च्या जुलैमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा ॲक्रोपोलिस काही दिवस दुपारी बारा ते पाच चक्क बंद ठेवलं होतं. वर सावली नावाला नाही आणि संगमरवर खालून भाजतो. जुलैत अथेन्स फक्त सकाळी आणि संध्याकाळी फिरायचं शहर आहे. मधले सहा तास हॉटेलात पंखा बघत काढण्यापेक्षा पाण्यावर काढलेले काय वाईट?

उंटावरचा_शहाणा
मधल्या सहा तासांसाठीच तर संग्रहालयं आहेत, आणि आत एसी असतो. राष्ट्रीय संग्रहालयात अँटिकिथेरा यंत्र आहे. १९०१ साली बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांतून वर आलेलं, सूर्य-चंद्राच्या गती आणि ग्रहणं वर्तवणारं दातेरी चाकांचं यंत्र, दोन हजार वर्षांहून जुनं. बारा वर्षांच्या मुलाला ते दाखवायचं सोडून बोटीवर गाणी ऐकवत नेणार?

पाय_ओले
आम्ही हीच तीन बेटांची सफर केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बोट सकाळी आठच्या सुमारास सुटते, म्हणजे साडेसहाला तयार होऊन निघायचं. परत येईपर्यंत संध्याकाळचे सात वाजून गेलेले. या अकरा तासांतला निम्म्याहून जास्त वेळ बोटीतच. हायड्रावर दीड तास, पोरोसवर जेमतेम एक, आणि एजिनाला पोचेपर्यंत सगळे इतके शिणलेले की अर्धे लोक बंदरावरच्या खुर्च्यांत बसून राहिले. पोरोसबद्दल मला आज फक्त टेकडीवरचं घड्याळ आठवतं, तेसुद्धा बोट सुटायची वेळ चुकू नये म्हणून सारखं बघत होतो म्हणून.

हायड्रा मात्र सुरेख. तिथे गाड्यांना बंदी आहे, सामान खेचरांच्या पाठीवर जातं, बंदराभोवती दगडी घरं नाट्यगृहाच्या पायऱ्यांसारखी वर चढत गेलेली. पण बघायचं ते सगळं चढावर आणि पायऱ्यांवर. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाने धक्क्यावर कॉफी घ्यायची आणि इतरांनी सांगितलेलं ऐकायचं.

मत विचाराल तर: बेट हो, सफर नाही. तीन बेटांच्या सफरीत घड्याळ त्यांच्या हातात असतं.

जुनी_नाणी
पाय_ओले यांच्याशी सहमत. एकटं एजिना करा. पिरेअस बंदरापर्यंत मेट्रो जाते. पुढे साध्या फेरीबोटीने सव्वा तास, हायड्रोफॉइलने, म्हणजे पाण्यावर उचलून धावणाऱ्या वेगवान बोटीने, चाळीस मिनिटं. दिवसभर बोटी असतात, मन भरलं की परत.

आणि एजिना म्हणजे अथेन्सला रजा देणं नव्हे, अथेन्सच्या गोष्टीतलंच ते एक पान आहे. एके काळी व्यापारात ते अथेन्सच्या वरचढ होतं. त्यांची समुद्री कासवाची चांदीची नाणी ग्रीसमधल्या सगळ्यात आधीच्या नाण्यांपैकी, अथेन्सची घुबडाची नंतरची. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस एजिनाला पिरेअसच्या डोळ्यातलं चिपड म्हणायचा, इतकं ते समोर आणि इतकं खुपणारं. शेवटी इ.स.पू. ४३१मध्ये अथेन्सने तिथल्या लोकांना बेटावरून हाकलूनच दिलं. एजिनावरच्या अफाइया देवीच्या देवळापाशी उभं राहून स्वच्छ हवेत पलीकडचं अथेन्स दिसतं, तेव्हा हे भांडण पुस्तकाबाहेर येतं. देऊळ इ.स.पू. ५००च्या आसपासचं, म्हणजे ॲक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन देवळाच्याही आधीचं.

(अवांतर: आधुनिक ग्रीसचा कारभारसुद्धा १८२८मध्ये काही काळ एजिनातून चालायचा.)

उंटावरचा_शहाणा
देऊळ ठीक. पण त्याच्या त्रिकोणी माथ्यावरची शिल्पं तिथे आहेत का? ती म्युनिकला. १८११मध्ये उकरून काढली आणि बव्हेरियाच्या युवराजाने विकत घेतली. शिवाय देऊळ बंदरापासून बारा किलोमीटर, म्हणजे पुन्हा बसची वाट पाहा. इतका खटाटोप रिकाम्या माथ्यासाठी?

जुनी_नाणी
पार्थेनॉनवरची निम्मी शिल्पं लंडनला आहेत. तिथेही जाऊ नका मग.

समुद्रवेडी
😂

विंडचीटर
दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरताहेत. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. अथेन्ससमोरचं सारोनिक आखात बरंच आडोशाला आहे, त्यामुळे एजिनाला त्याचा त्रास कमी. तरी वारा चढला की हायड्रोफॉइल आधी थांबतात, मोठ्या बोटी नंतर. म्हणून रविवारी, परतीच्या विमानाच्या दिवशी, बेट अजिबात नको. आणि सासूबाईंसाठी मोठी साधी फेरीबोटच घ्या. ती डुलते कमी, वर उघड्या डेकवर बसून क्षितिजाकडे बघता येतं. हायड्रोफॉइलमध्ये बंद केबिनमध्येच बसायचं, बोट लागणाऱ्याला ती शिक्षा.

गुगलीबाज
एवढं करून सँटोरिनीलाच जा ना, फोटो तरी बरे येतील.

विंडचीटर
वेगवान बोटीनेही एका बाजूला पाचेक तास लागतात. साध्या बोटीने आठ. एका दिवसात जाऊन येणाऱ्याला सँटोरिनी बोटीच्या खिडकीतूनच दिसेल.

गुगलीबाज
विमानाने जा म्हणतोय. पाऊण तास.

पाय_ओले
अधिक विमानतळावर दोनदा रांग, अधिक तिथल्या गर्दीत सूर्यास्त न बघता परत. तो तीन मुक्कामांचा वेगळा बेत आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.

पहाटपक्षी
मला वाराची काळजी वाटते, म्हणजे शुक्रवार की शनिवार याची. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी अथेन्सकर स्वतःच बेटांकडे पळतात. त्यामुळे शुक्रवार बरा. शिवाय भारतातून गेलेल्या माणसाला अडीच तासांच्या फरकामुळे पहिल्या दिवशी पहाटे चारलाच जाग येते. पहिली बोट पकडायला याहून चांगला मुहूर्त नाही.

उंटावरचा_शहाणा
ती पहाटेची जाग ॲक्रोपोलिससाठी ठेवा! आठला दार उघडतं. तिकिटावर वेळ ठरलेली असते, पहिलीच वेळ घ्या. दहापर्यंत खाली उतरायचं आणि समोरच्या संग्रहालयात शिरायचं, टेकडीवरच्या एरेक्थियन देवळाच्या सहापैकी पाच मूळ स्त्रीस्तंभ तिथे आहेत. ही सकाळ बोटीवर उधळली तर उरलेल्या दोन दिवसांत तशी मिळणार नाही. टेकडीच्या उत्तरेला लिफ्ट आहे, पण ती चालायला अडचण असलेल्यांसाठी. सासूबाईंना चालेल का ते आधी विचारून घ्या.

खिडकीची_सीट
सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा घरात मोठ्याने वाचून दाखवला. तीन बेटांची सफर नवऱ्याने स्वतःच रद्द केली, पोरोसच्या घड्याळाचा परिणाम. शुक्रवारी आठला ॲक्रोपोलिस, नंतर संग्रहालय. शनिवारी गर्दी असली तरी साध्या बोटीने एजिना, चार वाजेपर्यंत परत निघायचं. देवळाचं तिथे गेल्यावर ठरवू. चिपडाची गोष्ट मुलाला फार आवडली, कासवाचं नाणं कुठे मिळतं म्हणून मागे लागलाय. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं की तिथले पिस्ते खरंच एवढे प्रसिद्ध आहेत का. आहेत म्हटल्यावर बोट लागण्याचा विषय परत निघाला नाही.

उंटावरचा_शहाणा
आणि राष्ट्रीय संग्रहालय?

खिडकीची_सीट
रविवारी सकाळी. बॅगा हॉटेलात ठेवून.

उंटावरचा_शहाणा
तीन तास तरी द्या. विरोध कायम.