ऑनलाइन तासाला ब्रेकआउट रूममध्ये शुकशुकाट, पोल अर्धेच भरतात: नेमकं काय बदलावं?

विजेरी
डिप्लोमा पहिल्या वर्षाचा मूलभूत विद्युत हा विषय ऑनलाइन चालू आहे. झूमवर आठवड्याला तासातासाची दोन लाइव्ह सत्रं, बाकी रेकॉर्डेड व्हिडिओ आणि मूडल (कोर्सची कामं, फोरम ठेवायची ऑनलाइन प्रणाली). पटावर ६४, लाइव्हला साधारण ४५, त्यातले बहुतेक मोबाइलवर. नुसतं लेक्चर नको म्हणून थिंक-पेअर-शेअर (आधी एकट्याने विचार, मग जोडीत चर्चा, मग सगळ्यांपुढे), पोल, फोरमवरची चर्चा असं सगळं ठेवलंय. पण:

– दोघादोघांच्या ब्रेकआउट रूममध्ये (झूममधल्या छोट्या वेगळ्या खोल्या) कोणी तोंड उघडत नाही. डोकावलं की दोन्ही माइक बंद.
– पोलला २०-२२ उत्तरं येतात.
– फोरमवर "सहमत", "छान माहिती", आणि हल्ली एकाच साच्यातले चॅटजीपीटीचे परिच्छेद.
– फीडबॅकमध्ये "सर, चर्चेत वेळ जातो, तुम्हीच शिकवा". सिलॅबसही मागे पडतोय.

कॅमेरा सक्तीचा करावा का? सहभागाला मार्क ठेवावेत का? सिम्युलेशन वापरायचा विचार आहे, तर त्याबद्दलही सांगा.

समांतर_रोध
कॅमेऱ्याची सक्ती नको. डेटा संपतो, घरात कोणी ना कोणी मागे वावरत असतं, आणि कॅमेरा चालू म्हणजे डोकं चालू असंही नाही. तुमची खरी अडचण क्रमाची आहे. "चर्चा करा" असं सांगून रूममध्ये सोडलं तर पोरांकडे भांडायला मुद्दाच नसतो. आधी प्रत्येकाने एकट्याने एका उत्तराला चिकटायला हवं.

हार्वर्डच्या एरिक माझुर यांनी १९९१ पासून वर्गात रुजवलेली पीअर इन्स्ट्रक्शन (मुलांनीच एकमेकांना समजावण्याची) पद्धत ऑनलाइनला चांगली बसते. तुमच्या विषयातला प्रश्न घेऊन दाखवतो.

९ व्होल्टची बॅटरी, ६ ओहमचे तीन सारखे दिवे (रोध बदलत नाही असं धरा). क एकसरीत, त्याच्यापुढे ख आणि ग समांतर. ग काढून टाकला तर?
अ) क तेवढाच, ख जास्त प्रखर
आ) क मंद, ख जास्त प्रखर
इ) दोन्ही तसेच
ई) दोन्ही मंद

आधी एकूण रोध ६ + ३ = ९ ओहम, म्हणजे क मधून १ अँपिअर आणि ख मधून ०.५. ग काढल्यावर १२ ओहम, दोघांतून ०.७५. उत्तर आ. पण मजा चुकीच्या पर्यायांत आहे. अ निवडणाऱ्याला वाटतं की बॅटरी नेहमी ठरलेला प्रवाह सोडते. इ निवडणारा घरातली वायरिंग डोळ्यांपुढे आणतो: एक दिवा काढला तर दुसऱ्याला काय फरक पडतो? ई वाल्याला एकूण प्रवाह घटतो एवढं कळलंय, पण ख ला आता वाटेकरी उरला नाही हे सुटलंय. पर्याय असे ठरवून रचले नाहीत तर पुढची सगळी कसरत फुकट.

क्रम असा:
१. प्रश्न वाचून दाखवा आणि गप्प बसा. २ मिनिटं, एकट्याने मत. निकाल दाखवायचा नाही. दाखवला की पुढच्या मतदानात सगळे बहुमताकडे पळतात.
२. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांच्या खाली असतील तर रूम उघडू नका, कल्पना पुन्हा समजावा. ७० च्या वर असतील तर मिनिटभरात खुलासा करून पुढे चला. मधे असेल तरच चर्चा.
३. चौघांच्या रूम, ५ मिनिटं. चौघेच का? ऑनलाइनला एकाचं नेट जातं, एकाचा माइक बिघडलेला असतो. दोघांची जोडी तिथेच मोडते.
४. पुन्हा मत, १ मिनिट.
५. खुलासा ४ मिनिटं. चुकीचा पर्याय कुठे फसवतो हेही त्यात यायला हवं.

ये-जा धरून १३-१४ मिनिटं जातात. एका तासात असे दोनच प्रश्न. तिसरा कोंबायला गेलात की खुलासा कापला जातो.

झूमच्या खोड्याही लक्षात ठेवा. रूममध्ये गेल्यावर तुमची स्लाइड आपोआप दिसत नाही. स्क्रीन शेअर करताना ब्रेकआउट रूमलाही दाखवायचा पर्याय टिक करावा लागतो. त्यापेक्षा प्रश्नाचं चित्र आधीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेलं बरं. तुम्ही सगळ्यांना पाठवलेला संदेश पडद्यावर क्षणभर चमकून जातो, त्यामुळे महत्त्वाची सूचना त्यात देऊ नका. आणि रूममध्ये गूगल डॉक भरायला लावू नका. मोबाइलवर डॉक उघडलं की झूम मागे जातं आणि मुलगा परत येईस्तोवर वेळ संपलेला असतो. रूमने बाहेर येऊन चॅटमध्ये एकच ओळ टाकायची: "आमच्यात अ आणि आ, कारण...". ती कोणी टाकायची हे आधीच ठरवा. ज्याच्या नावाचं आद्याक्षर बाराखडीत आधी येतं तो, एवढंही पुरतं. "कोणीतरी लिहा" म्हटलं की कोणीच लिहीत नाही.

आणखी एक: गटात मराठीतच बोला असं तोंडाने सांगा. पुस्तक इंग्रजी असलं की पोरांना वाटतं चर्चाही इंग्रजीतच हवी, आणि मग माइक बंदच राहतो.

खडूफळा
पोल कमी भरण्याचं एक साधं कारण म्हणजे पोल उघडून शिक्षक बोलतच राहतात. दुसरं, "माहीत नाही" हा पर्याय नसतो. तो ठेवा. ज्याला खरंच कळलेलं नाही तो ठोकताळ्याने बोट ठेवण्यापेक्षा खिडकी बंद करतो, आणि तुम्हाला वाटतं की तो जागेवर नाही.

पोलऐवजी चॅटही वापरता येतं: सगळ्यांनी उत्तर टाइप करून ठेवायचं, "पाठवा" म्हटल्यावर एकदम सोडायचं. नक्कल टळते. फक्त ४५ ओळी सरसर वर जातात, म्हणून उत्तर एका शब्दाचं किंवा आकड्याचं असेल तरच.

घाटावरचा_मास्तर
वरचं मान्य, पण फीडबॅकच्या तक्रारीला कोणी हात घातला नाही. २०१९ साली पीएनएएस या विज्ञान-नियतकालिकात हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा अभ्यास आला होता. सक्रिय पद्धतीने शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त मार्क मिळाले, पण "आपण कमी शिकलो" असं त्यांनाच वाटत होतं. डोकं शिणलं की ते न समजल्याचं लक्षण वाटतं. सफाईदार लेक्चर ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. त्यामुळे "तुम्हीच शिकवा" ही मागणी आली म्हणून पद्धत सोडू नका. पहिल्या दोन आठवड्यांत पहिल्या आणि दुसऱ्या मतदानाचे आकडे शेजारीशेजारी दाखवत जा. भाषणापेक्षा ते जास्त पटतं.

मात्र सक्रिय पद्धतीच्या बाजूने २०१४ च्या फ्रीमन आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणाचा दाखला देताना जपून. २२५ अभ्यास, नापासांचं प्रमाण लेक्चरमध्ये ३३.८ टक्के आणि सक्रिय वर्गात २१.८. आकडे भक्कम आहेत, पण ते वर्गातल्या शिकवण्याचे. झूमवर तेवढाच फरक पडेल असं त्यातून निघत नाही.

सिलॅबसचं म्हणाल तर लाइव्ह तासातून व्याख्या आणि सूत्रांची मांडणी काढून व्हिडिओत टाकावीच लागेल. दोन्हीकडे तेच शिकवत बसलात तर वेळ कधीच पुरणार नाही. व्हिडिओ ६ मिनिटांच्या आत. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या विश्लेषणात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे तरी लोक ६ मिनिटांपलीकडे टिकत नाहीत असंच दिसलं. आणि मधे एकदा तरी थांबा. आयआयटी मुंबईच्या एलसीएम या खुल्या ऑनलाइन कोर्सच्या (MOOC) आराखड्यात व्हिडिओ मधेच थांबवून प्रश्न विचारतात, मूल वहीत उत्तर लिहितं, मगच पुढे जातं. मूडलमध्ये हे एचफाइव्हपी (H5P) या साधनाच्या इंटरॅक्टिव्ह व्हिडिओने जमतं. थांबा उत्तर उघड होण्याआधी ठेवा. नंतर ठेवला तर ती नुसती उजळणी होते.

विजेरी
क्रमाचं पटलं, मी निकाल लगेच दाखवत होतो. फोरम आणि मार्कांबद्दल?

अमीटर
मार्क ठेवा, पण थोडे आणि बरोबर-चूक न बघता. एकूण १० टक्के, आठवड्याला एक अशा १० कामांपैकी सर्वोत्तम ८ धरायची. नेट गेलं, लाइट गेली, घरी लग्न होतं, हे सगळं त्या दोनांत मावतं आणि तुमच्या इनबॉक्समधले अर्ज बंद होतात. मार्क २५-३० टक्क्यांवर नेले की पोरं मतदानाआधी एकमेकांना उत्तर व्हॉट्सअ‍ॅप करतात.

फोरमसाठी मूडलमध्ये "प्रश्न आणि उत्तर" प्रकार निवडा. स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची दिसत नाहीत. यात एक खोच आहे: पोस्ट दुरुस्त करायची मुदत संपेपर्यंत इतरांची उत्तरं उघडत नाहीत, आणि ती मुदत मुळात ३० मिनिटांची असते. हे आधी सांगितलं नाही तर "सर, काही दिसत नाही" असे वीस मेसेज येतील. ६४ जणांचा एक फोरम नको. ७-८ जणांचे वेगळे गट करा.

चॅटजीपीटीवर बंदी घालून काही होत नाही, प्रश्न बदला. "किरचॉफचा नियम समजावून सांगा" याला यंत्राचंच उत्तर येणार. "तुझ्या घरातल्या एका खोलीतल्या उपकरणांचे वॅट त्यांच्या लेबलवरून टिप, २३० व्होल्टला एकूण प्रवाह काढ, लेबलांचा फोटो जोड, आणि गटातल्या दुसऱ्या कोणाच्या हिशोबातली एक शंका काढ" याला निदान उठून पंख्यापर्यंत तरी जावं लागतं. मात्र प्लग उघडू नका, मल्टिमीटर लावू नका, फक्त लेबल वाचा, असं ठळक लिहाच.

परस्पर-तपासणी करायची तर मूडलची वर्कशॉप आहे. तिथे कामाला ८० आणि तपासणीला २० अशी मुळातली विभागणी असते. प्रत्येकाला तीन कामं द्या. एकदोघं गळाली तरी बहुतेकांना दोन अभिप्राय मिळतात. वाटप मुदत संपल्यावरच करा, नाहीतर उशिरा काम टाकणाऱ्याला तपासनीसच उरत नाही.

समांतर_रोध
सिम्युलेशनसाठी फेट (PhET, कोलोरॅडो विद्यापीठाची मोफत सिम्युलेशन्स) मधलं डीसी सर्किट किट घ्या. ब्राउझरमध्ये चालतं, फाइल उतरवून ठेवली की नेटशिवायही चालतं. फक्त लिंक टाकून "बघा" म्हणू नका, पोरं बॅटरीला आग लावून मोकळी होतात (शॉर्ट केली की खरंच ज्वाळा दिसतात). आधी भाकीत फॉर्ममध्ये भरून घ्या: ग काढला तर क वरचा अमीटर किती दाखवेल, आकडाच हवा. मग सर्किट जोडून स्क्रीनशॉट. मग दोन ओळी: भाकीत का चुकलं. भाकिताची वेळ स्क्रीनशॉटच्या आधीची आहे ना, ते फॉर्मच्या शीटवर दिसतं. तारा सोडवताना लहान पडद्यावर बोटं अडखळतात, म्हणून मोबाइलवाल्यांना तीन दिव्यांपेक्षा मोठं सर्किट देऊ नका.