मदत हवी आहे: अर्धा पगार आणि गेमच्या विक्रीत वाटा, हो म्हणू का?

नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोलीची. आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकले, काही वर्षं जाहिरातींची कामं केली आणि गेल्या वर्षापासून एका छोट्या स्टुडिओसाठी घरूनच कॅरेक्टर डिझाइन करते. गेम पीसीवरचा, ऑनलाइन, शेकडो जण एकाच जगात खेळतील असा. जग काल्पनिक असलं तरी माती कोकणची आहे. नाव सांगता येत नाही, करारात तशी अट आहे.

स्टुडिओला पैसा पुरत नाहीये. त्यांचा प्रस्ताव असा: लाँचपर्यंतचे 18 महिने 40 हजारांऐवजी 20 हजार घ्या, बदल्यात विक्रीत 2 टक्के वाटा. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. बाबा म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस.

मी हिशेब मांडून बघितला. गेमची किंमत 999 रुपये ठरतेय. त्यातून 18 टक्के जीएसटी गेला की उरले साधारण 847. स्टीमचे, म्हणजे गेम जिथे विकला जाईल त्या ऑनलाइन दुकानाचे, 30 टक्के गेले की 593. माझे 2 टक्के म्हणजे एका प्रतीमागे जेमतेम 12 रुपये. मी सोडणार 3 लाख 60 हजार. म्हणजे तीस हजारांवर प्रती खपल्या तर कुठे माझी बरोबरी होणार, आणि तेही दीड वर्षानंतर. सेलमध्ये निम्म्या किमतीला गेलेली प्रत माझ्यासाठी अर्धीच. विशलिस्टवर, म्हणजे गेम घ्यायचाय म्हणून स्टीमवर खूण करून ठेवलेले, किती जण आहेत हे दोनदा विचारलं, आकडा अजून मिळालेला नाही.

बरं, हा असा धंदा आहे की पहिल्या दिवशीच्या गर्दीवरून काही ठरत नाही. अशाच ऑनलाइन गेमांची उदाहरणं बघा. न्यू वर्ल्ड 2021 च्या सप्टेंबरात आला तेव्हा स्टीमवर एका वेळी नऊ लाखांवर लोक होते, आणि काही महिन्यांत त्यातले बहुतेक निघून गेले. मागे ॲमेझॉन असूनही. वाइल्डस्टार 2014 मध्ये महिन्याच्या वर्गणीवर आला, पुढच्या वर्षी फुकट केला, 2018 ला बंद. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनलाही वर्षभरात वर्गणीची सक्ती सोडावी लागली, पण तो जगला. फायनल फँटसी 14 तर 2010 मध्ये साफ आपटला होता. कंपनीने तो बंद करून नव्याने बांधला आणि 2013 मध्ये पुन्हा आणला. तेवढा दम धरायला तेवढा पैसा लागतो, तो आमच्याकडे नाही.

मग मी सरळ नाही का म्हणत नाही? वहाणांमुळे.

आपल्याकडे वेताळाला, राखणदाराला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्रभर गावाची शीव फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून. त्यावरून मी गेममधला राखणदार केला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक जाड तळव्यांचा जोड आणला, तो दोन महिने अंगणात घालून फिरले आणि दर आठवड्याला फोटो काढले. टाच बाहेरच्या अंगाने आधी जाते, अंगठ्याखाली खळगा पडतो, पट्टा शिवणीपाशी काळा होतो. ते सगळं जसंच्या तसं पडद्यावर आहे. राखणदार जितका चालेल तितक्या वहाणा झिजतात, चाल मंदावते, आणि नवा जोड त्याला स्वतः घेता येत नाही, दुसऱ्या खेळाडूने वाहावा लागतो. चाचणीच्या रात्री माझी लाइट गेली. इन्व्हर्टरवर परत आले तर माझ्या पात्रापुढे अनोळखी माणसांनी तीन जोड ठेवलेले. मला रडू आलं. लोक या गेममध्ये टिकतील असं मला वाटतं ते यामुळेच.

आता स्टुडिओ म्हणतोय की कधीच न झिजणाऱ्या वहाणा गेममधल्या दुकानात 149 रुपयांना विकू. मी विरोध केलाय.

ज्यांनी असा वाट्याचा करार केलाय त्यांनी कृपया सांगा. नव्या स्टुडिओच्या अशा गेमच्या तीस हजार प्रती जाणं आवाक्यातलं आहे का? आणि कागदावर काय लिहून घेऊ?

पुण्याचा_कोडर: ताई, आधी करारातला एक शब्द बघा. वाटा 'नफ्यात' आहे की 'जमा रकमेत'? नफ्यात असेल तर सर्व्हरचं भाडं, जाहिरात, सगळ्यांचे पगार आधी वजा होतील आणि तुमच्यापर्यंत काही पोचणारच नाही. असे गेम लाँचनंतरही खर्च खातच राहतात. स्टीमकडून खात्यात आलेल्या रकमेवर 2 टक्के, दर तिमाहीला हिशेब, तो तपासण्याचा हक्क, आणि स्टुडिओ विकला गेला तर नव्या मालकावरही बंधन, हे लेखी घ्या. दुसरं म्हणजे, वाटा फक्त प्रतींवर आहे की दुकानातल्या विक्रीवरही? वर्गणी नसलेल्या गेमची कमाई दोन वर्षांनी दुकानातूनच येते. खपाचं विचाराल तर विशलिस्टचा आकडा बघितल्याशिवाय तीस हजार धरून चालू नका.

मडगावचो_खेळगडी: बाय, मी धंद्यातला नाही, खेळणारा आहे. रॅग्नारॉक ऑनलाइन भारतात आला तेव्हा आम्ही सहा जण कॅफेत तासाचे पैसे भरून बसायचो. एक नोकरीला मुंबईला गेला, दुसऱ्याचं लग्न झालं, आणि महिन्याभरात उरलेले चौघेही उठलो. गेम तोच होता, सोबत गेली. तुमच्या वहाणा सोबत टिकवणाऱ्या आहेत, त्या विकायला देऊ नका. आणि मुलांकडे आज मोबाइल आहे, पीसी नाही, हेही स्टुडिओला विचारा.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. करार पुन्हा वाचला. 'निव्वळ नफा' असंच लिहिलंय, आणि वाटा फक्त प्रतींवर. आज फोन केला. जमा रकमेवर द्यायला ते तयार आहेत, दुकानाचं 'बघू' म्हणाले. विशलिस्टचा आकडा उद्या देतो म्हणाले.

दुकानातला वाटा मागायला माझी जीभ रेटत नाही, कारण मग त्या न झिजणाऱ्या वहाणांचे पैसे मलाही मिळणार. म्हणून मी 30 हजार पगार, जमा रकमेवर 1 टक्का आणि वहाणा दुकानात येणार नाहीत असं कलम, एवढं मागणार आहे. हे तिसरं कलम नीट कसं लिहितात, कुणा वकिलाला किंवा अनुभवी माणसाला माहीत असेल तर गुरुवार रात्रीपर्यंत मसुदा सुचवा, प्लीज.