नोकरी-संसार सांभाळून ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी घेतलीत का? अनुभव सांगा

रातराणी
काल माळा आवरताना इग्नूच्या (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या) असाइनमेंट्सच्या झेरॉक्स सापडल्या. हाताने लिहिलेल्या, प्रत्येक पानावर एनरोलमेंट नंबर, आणि एका पानाच्या मागे लेकाने काढलेला ट्रॅक्टर. त्यात आठवड्यापासून भाचा मागे लागलाय, "आत्या, ऑनलाइन एमबीए करू का? पगार वाढेल का?" त्याला एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हा धागा.

माझं सांगते. बीकॉमवर अकाउंट्सला लागले होते. वरच्या पदाच्या नियमात पदव्युत्तर पदवी लिहिलेली, त्यामुळे काम सगळं मी करायचे आणि सहीला दुसरं कोणी. इग्नूतून एमकॉम केलं. असाइनमेंटला ३० टक्के, सत्रान्त परीक्षेला ७० टक्के, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. पोरगं झोपलं की बसायचं. निकाल लागल्यावर साहेबांनी अभिनंदन केलं, पेढे मी वाटले, पगार होता तिथेच. फरक पडला तो पुढे जागा निघाली तेव्हा. यादीत नाव घ्यावंच लागलं त्यांना. तुमचं काय झालं? फायदा-तोटा दोन्ही लिहा.

चालता_बोलता
भाच्याला सांगा, जाहिरात नंतर बघ, आधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) साइटवर जा. विद्यापीठ आहे का एवढंच नाही, तोच कोर्स त्या वर्षासाठी यादीत आहे का ते बघायचं. मान्यता कोर्सनिहाय असते. विद्यापीठ खरं, कोर्स यादीत नाही, असंही असतं.

निवांत_नाही
अगदी! आणि ते फोनवरचे "काउन्सेलर". माझ्या जावेने एका साइटवर नुसता नंबर टाकला होता. दिवसभर फोन. "मॅम, स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच." फी हप्त्यांत म्हणाले, म्हणून ती हो म्हणणार होती. दिरांनी कागद वाचला तर तो विद्यापीठाचा हप्ता नव्हताच, एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. म्हणजे उद्या कोर्स सोडला तरी हप्ते चालूच. त्यांनी तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं. नंतर तिने विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवरून प्रवेश घेतला, आता दुसऱ्या सेमिस्टरला आहे.
कुकर झाला, येते परत.

पान्हा_नंबर_दहा
डिप्लोमावाल्यांनी माझं ऐका. डिस्टन्सने बीई/बीटेक या भानगडीत पडू नका. आमच्या प्लँटमध्ये एक सिनियर होते, एका अभिमत विद्यापीठाची, पत्राद्वारे शिकून मिळवलेली बीई. त्यावर प्रमोशनही झालेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित, एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) परीक्षा द्या, पास झालात तर वाचलात. त्यानंतरच्या बॅचेसच्या सरळ रद्द. पन्नाशीच्या माणसाला थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक घेऊन कँटीनमध्ये बसलेलं मी पाहिलंय. पोरं गप्प बसायची ते आले की. पास झाले, पण ते वर्षभर माणूस हसला नाही.
मी स्वतः पार्ट टाइम बीई केलं, संध्याकाळच्या कॉलेजात, रीतसर हजेरी लावून.

रातराणी
बापरे. हे माहीतच नव्हतं.

चालता_बोलता
इंजिनीअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, लॉ, आर्किटेक्चर हे दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीला चालत नाही. पीएचडीही नाही. कोणी "ऑनलाइन पीएचडी" विकत असेल तर फोन ठेवून द्या.

मधली_सुट्टी
मला एमए सायकॉलॉजी करायचं होतं, "पुढच्या वर्षी बघू" करत राहिले. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने तेही दूरस्थ-ऑनलाइनमधून बंद केलं. आता मी घरातल्यांवरच प्रॅक्टिस करते.

उंटावरून
@मधली_सुट्टी घरातल्यांची संमती घेतली का?

मधली_सुट्टी
संमती घ्यायला ते ऐकायला तर हवेत!

भेंडीगवार
आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस ही पदवी ऑनलाइन करतेय. वय विचारू नये. २०२० मध्ये सुरू झालं हे. जेईई नाही, आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि मग क्वालिफायर परीक्षा, ती पास झालं की प्रवेश. व्हिडिओ घरी बघायचे पण परीक्षा सेंटरवर जाऊन, समोर पर्यवेक्षक. पहिल्या क्विझला रांगेत उभी होते तर मागच्या मुलाने विचारलं, "आंटी, पालकांना आत सोडतात का?" मी हॉल तिकीट दाखवलं. बिचारा लाल झाला. आता आमचा अभ्यासाचा ग्रुप आहे, मला स्टॅट्स तोच शिकवतो.
चांगली गोष्ट म्हणजे मध्येच थांबलात तरी हात रिकामे राहत नाहीत, फाउंडेशनचं सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग बीएससी, शेवटी बीएस. मी अजून डिप्लोमापर्यंतही नाही. पगाराचं विचारू नका, पण ऑफिसात एक्सेलवरून पायथॉनच्या कामात घेतलंय मला.

उंटावरून
@रातराणी असाइनमेंट निळ्या पेनने की काळ्या? आमच्याकडे यावरून वाद आहे.

रातराणी
मी निळं वापरलं. कोणी काही बोललं नाही.

पान्हा_नंबर_दहा
माझ्या मित्राने बायकोकडून लिहून घेतल्या सगळ्या. आता तिलाच जास्त येतं.

शेवटचा_बाक
आईबद्दल लिहितो. आई अंगणवाडी सेविका. बारावी नाही झालेली. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात तेव्हा पूर्वतयारीची परीक्षा देऊन बीएला प्रवेश मिळायचा. "ज्ञानगंगा घरोघरी" लिहिलेली ती पुस्तकं आली तेव्हा तिने पहिलं काय केलं, तर माझ्या वह्यांसारखी कव्हरं घातली आणि वर लेबल लावलं. नाव, विषय. इयत्तेच्या जागी काय लिहायचं कळेना, म्हणून तिथे रेघ मारली.
रविवारी अभ्यासकेंद्रात तास असायचे, ती एकही चुकवायची नाही, कारण "तिथे मला कोणी बाई म्हणत नाही, नावाने हाक मारतात." मुख्यसेविकेच्या पदासाठी पदवी हवी होती, म्हणून हे सगळं. ती झाली का मुख्यसेविका? झाली, पण पदवी मिळाल्यावर बऱ्याच वर्षांनी, निवृत्ती जवळ आल्यावर. पेन्शनची गणितं वगैरे बाजूला ठेवा, त्या लेबलवाल्या पुस्तकांना अजून हात लावू देत नाही कोणाला.

निवांत_नाही
वाचून डोळे भरले रे. काकूंना नमस्कार सांग.

भेंडीगवार
+१. कव्हरं घालणारी आई!

टेबलाच्या_पलीकडून
भरती बघते म्हणून लिहिते. ऑनलाइन पदवी चालते का हा प्रश्न रोज येतो. मान्यताप्राप्त विद्यापीठाची, मान्यता असलेल्या कोर्सची असेल तर यूजीसीच्या नियमाप्रमाणे नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी पुन्हा स्पष्टही केलंय. पण आम्ही खरं काय बघतो? पदवी असली तर अर्ज चाळणीतून पुढे येतो. पगार ठरतो आधीच्या कामावर आणि मुलाखतीवर. काहीच अनुभव नसलेला मुलगा नुसतं एमबीए घेऊन आला तर ऑनलाइन काय आणि ऑफलाइन काय. सहा-सात वर्षं काम करून, पदवी नसल्यामुळे अडकलेला माणूस असेल तर त्याने डोळे झाकून करावं. @रातराणी भाचा कुठे बसतो यात?

रातराणी
पहिल्या प्रकारात. नुकताच लागलाय. आता तोंड कसं उघडू त्याच्यापुढे.

चालता_बोलता
नोकरी सोडू नको म्हणावं, बाकी करू दे. आणि दुसरा एखादा कोर्स आधीच चालू असेल तरी चालतं, २०२२ पासून एका वेळी दोन कोर्स करायला परवानगी आहे, दुसरा ऑनलाइन किंवा दूरस्थ असेल तर वेळेचाही अडसर नाही.

मधली_सुट्टी
एक मदत हवी. मी शेवटी एमए मराठीला नाव घालतेय. डीईबी आयडी म्हणून काहीतरी मागतायत, ते काय आता?

चालता_बोलता
दूरस्थ-ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा नंबर, २०२४ पासून सक्तीचा आहे. आधी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढा, डिजिलॉकरवर होतो, मग डीईबीच्या पोर्टलवर. स्वतः काढा, एजंटला ओटीपी देऊ नका.

मधली_सुट्टी
एबीसीला आधार लागतं ना? माझ्या आधारवर सासरचं नाव, मार्कशीटवर माहेरचं.

निवांत_नाही
हे माझ्या जावेचंही झालं होतं! तिच्याकडे राजपत्रातली नावबदलाची प्रत होती, विवाह नोंदणीचा दाखलाही जोडला. विद्यापीठाला आधी ईमेल करून विचार कोणतं चालेल, उत्तराचा स्क्रीनशॉट ठेव.

मधली_सुट्टी
विवाह नोंदणी केलीच नाहीये आम्ही. एकोणीस वर्षं झाली लग्नाला.

उंटावरून
म्हणजे आधी लग्न, मग एमए.