सी विंगचं पिल्लू आणि नुसतं चिकन

सोनल सी-४०२: नमस्कार सगळ्यांना. जिन्याखालचं कुत्र्याचं पिल्लू पुढचे पाय वाकडे टाकत होतं म्हणून आज परळला बैलघोड्याला, म्हणजे जनावरांच्या हॉस्पिटलात नेलं. एक्सरे काढला, हाडं पातळ पडलीत. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं की खायला काय घालता. मी सांगितलं उकडलेलं बोनलेस. प्लीज, आजपासून नुसतं चिकन बंद 🙏

राणे काकू सी-२०३: म्हणजे माझ्यामुळे झालं असं सरळ म्हण ना. स्वतःच्या पैशाने आणून घालत होते तेव्हा एकानेही विचारलं नाही.

सोनल सी-४०२: काकू तुम्हाला नाही हो बोलत, तुम्ही नसतात तर ते पावसातच गेलं असतं. पण १०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम १०-१५, आणि वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, मग पोटातून मिळालं नाही की शरीर हाडातलं काढून रक्तात घालतं. म्हणून पाय वाकतायत.

देशपांडे काका ए-१०१: जिन्याखालच्या वाट्या कोण उचलणार? मुंग्या झाल्यात. एजीएमला ठरलं होतं.

निखिल बी-६०४: काका, मुंग्यांचं पण एक्सरे काढून घेऊ 😂

कदम ए-५०२: कॅल्शियमच कमी आहे ना, मग नातवाचं सिरप पडलंय घरी, पाठवतो.

सोनल सी-४०२: नको काका!! अंदाजाने अजिबात नको. त्यात बहुतेक वेळा डी व्हिटॅमिन पण असतं, ते जास्त झालं तर वेगळाच त्रास. आणि कॅल्शियम फार झालं की झिंक अंगी लागत नाही, मोठ्या जातीच्या पिल्लांची तर हाडंच बिघडतात. डॉक्टर सांगतील तेवढंच.

राणे काकू सी-२०३: आमच्या गावाला कुत्री भाकरी-ताकावर म्हातारी झाली. कोणी मिलिग्रॅम मोजले नव्हते.

माने बी-२०२: काकू ती कुत्री दिवसभर उंदीर घुशी हाडासकट खायची, कॅल्शियम तिथून यायचं. आपण हाडं काढून देतो. पण म्हणून चिकनची शिजवलेली हाडं घालू नका कोणी, टोकदार तुकडे होतात, आतडं फाटतं.

देशपांडे काका ए-१०१: परत विचारतो. वाट्या कोण उचलणार?

अदिती बी-३०१: मी उचलते काका, रोज रात्री ९ ला. आता आपल्या मन्या बोक्याचं ऐका. कुत्र्याचं फूड त्याला घालू नका, मांजराला टॉरिन (एक अमिनो आम्ल) खाण्यातूनच लागतं, त्यात ते पुरेसं नसतं. आणि सुकं खाऊन पाणी कमी पितो, त्यात मॅग्नेशियम-फॉस्फेट जास्त असेल तर लघवीत खडे धरतात. बोक्याची नळी बारीक असते. सारखा बसतोय आणि होत नाहीये असं दिसलं तर रात्री २ ला पण मला उठवा, सकाळपर्यंत थांबू नका.

सावंत सेक्रेटरी: सर्वांना विनंती, आरोप नकोत. राणे वहिनींनी केलंय ते सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

राणे काकू सी-२०३: माहीत आहे तर पैसे पण काढा. सोनल, कुठलं पाकीट आणायचं? वरून थोडं चिकन चालेल का, नुसतं सुकं ते तोंड लावणार नाही.

सोनल सी-४०२: चालेल काकू, दहात एक घास इतकं. पाकिटावर पिल्लांसाठी संपूर्ण आहार असं लिहिलेलं बघा, त्यात सगळं मोजून घातलेलं असतं, वरून पावडर काहीच नको. उद्या दुकानात तुमच्याबरोबर येते.

कदम ए-५०२: ३०० माझे धरा. सिरप ठेवून देतो.