उकळतं पाणी जिथं जमिनीतून येतं : वायमांगू, उनपदेव आणि तुमचे अनुभव

चोपडा तालुक्यात वाढले, त्यामुळे गरम पाणी म्हटलं की अडावदजवळचं उनपदेव. गोमुखातून पडणारी धार मोठी माय आधी स्वतःच्या हातावर घ्यायची, मग आम्हाला पुढे ओढायची. गेल्या फेब्रुवारीत आईला घेऊन न्यूझीलंडला गेले आणि रोटोरुआजवळची वायमांगू ज्वालामुखी दरी पाहिली. आधी माझं सांगते, मग तुम्हीही लिहा.

दरी उतरताना फ्राइंग पॅन लेक लागतं. सुमारे ३८ हजार चौरस मीटरचं तळं, पाणी सरासरी ५५ अंश. वारा फिरला आणि सगळी वाफ आमच्या अंगावर आली. आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "हाई तं आधन शे व माय!" पाणी खदखदताना दिसतं, पण ती उकळी नव्हे, खालून येणारे वायू बुडबुडतात. पुढचं इन्फर्नो क्रेटरचं तळं फिकट निळं, दुधाळ. त्याचं पाणी साधारण ३८ दिवसांच्या फेऱ्यात चढतं-उतरतं. आम्ही गेलो तेव्हा उतरलेलं होतं. पूर ओसरल्यावर गिरणेच्या काठावर गाळाची रेघ राहते ना, तशी पांढुरकी रेघ खडकावर होती. आई तिथून हलेचना.

धुळ्याहून : मी भूगोल शिकवतो, दोन वर्षांपूर्वी तिथं जाऊन आलो. ही दरी १० जून १८८६ ला तारावेरा ज्वालामुखी फुटला तेव्हाची, म्हणजे आपल्या खापरपणज्याच्या काळातली! सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. १९०० ते १९०४ मध्ये इथला गिझर, म्हणजे जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, चारशे मीटरपर्यंत काळं पाणी उडवायचं. वायमांगूचा अर्थच तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत 'काळं पाणी'. १९०३ मध्ये त्यानं चार जणांचा जीव घेतला. म्हणून कठड्याच्या आत राहा, हे कळकळीनं सांगतो. आपल्याकडचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. धुळे-नंदुरबार रस्त्यानं भिंतीसारख्या सरळ, काळ्या डोंगररांगा दिसतात, त्या भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या. मुलांना मी आता त्या थांबून दाखवतो.

जळगावहून : ताई, आईंचे गुडघे? माझ्या सासूबाईंना न्यायचंय.

वाट उताराची आहे आणि परतीला बस मिळते. मधल्या थांब्यावरूनही बसता येतं. शेवटी रोटोमहाना तळ्यात बोटीनं फिरवतात, ते चुकवू नका. कड्यांतून वाफा निघताना दिसतात.

अडावदहून : मी उनपदेवचंच लिहितो. तिथं ज्वालामुखी नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या भेगांतून पाणी खोल जातं, तापतं आणि वर येतं. थंडीत बाबांना पहाटे नेतो. लकव्यानं आखडलेली त्यांची बोटं धारेखाली एकेक करून सुटी होतात. औषध आहे की नाही मला माहीत नाही, पण तेवढा वेळ ते हसतात. फक्त कुंडात शाम्पूच्या पुड्या टाकू नका, भाऊहो. मागच्या रविवारी मी ओंजळभर वेचल्या.