कुंडीतली मिरची-टोमॅटो: किती खत, कधी, आणि कधी अजिबात नाही

मुंबईत मिरची-टोमॅटोचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर. बी सप्टेंबरमध्ये टाकावं, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला रोप मोठ्या कुंडीत जातं आणि थंडीच्या रात्रींत फळ धरतं. या धाग्यात खतपाण्याचे अनुभव हवे आहेत. लिहिताना कुंडीचा आकार, बाल्कनीची दिशा आणि खताचं ग्रॅममधलं माप द्या. "थोडंसं घालते" यावरून नवख्या माणसाला काहीच करता येत नाही.

मुलुंड, पूर्वेची बाल्कनी
सुरुवात मीच करते. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर मिश्रण मावतं. त्यात ६ लिटर लाल माती, ५ लिटर भिजवलेलं कोकोपीट, ४ लिटर गांडूळखत आणि ५० ग्रॅम निंबोळी पेंड. नुसती लाल माती भरू नका. दोन महिन्यांत ती घट्ट बसते, पाणी वरच तरंगतं आणि मुळं गुदमरतात. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून सुमारे ७० लिटर होते. वापरण्याआधी दोन-तीनदा धुवा, गडद तपकिरी पाणी फिकट होईपर्यंत, कारण त्यात क्षार असतात.

एवढं भरल्यावर पहिले तीन आठवडे काहीही घालायचं नाही. नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे पाण्यात विरघळणारं खत, १ लिटर पाण्यात १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, कुंडीला १ लिटर. फुलं आल्यावरही खत तेच. मला वेगळी बाटली कधी लागली नाही.

चेंबूर, गच्ची
ताईंचं माप बरोबर आहे, हिशोबही बघा. १ ग्रॅमचे चार डोस म्हणजे महिन्याला ०.७६ ग्रॅम नत्र. आमच्या चेंबूरच्याच आरसीएफ या खत कंपनीचं सुफला १५:१५:१५ दाणेदार घेतलं तर ५ ग्रॅममध्ये ०.७५ ग्रॅम नत्र मिळतं. म्हणजे महिन्यातून एकदा सपाट चमचाभर सुफला आणि आठवड्याचं पातळ खत यांचं काम जवळपास सारखंच. मात्र दोन्ही एकत्र देऊ नका. दाणे खोडापासून चार बोटं लांब, कुंडीच्या कडेने, ओल्या मातीत पुरायचे आणि लगेच पाणी द्यायचं. कोरड्या मातीत दाणे पडले की कोवळी मुळं जळतात. पानांच्या कडा तपकिरी होतात आणि लोक समजतात पाणी कमी पडलं.

ग्रॅमचा काटा घ्याच. चमच्याच्या अंदाजाने १ ग्रॅमचे ३ ग्रॅम सहज होतात.

परळ, तिसरा मजला, पश्चिमेची खिडकी
रासायनिक नको असेल तर शेंगदाणा पेंड. १०० ग्रॅम पेंड १ लिटर पाण्यात, झाकण सैल ठेवून तीन दिवस. रोज ढवळायचं. गाळून दहापट पाणी मिसळायचं आणि पंधरा दिवसांतून एकदा कुंडीला अर्धा लिटर द्यायचं. पेंडीत ७ टक्क्यांच्या आसपास नत्र असतं, त्यामुळे हे कमजोर खत नाही. दहापटीऐवजी चौपट पाणी घातलं तर झाड काळपट हिरवं होतं, शेंडे लुसलुशीत होतात आणि आठवड्यात मावा ही कीड येते.

वास हा चाळीत आणि सोसायटीत खरा प्रश्न आहे. संध्याकाळी द्या, वर मूठभर कोरडी माती पसरा. वास आणि माश्या दोन्ही आटोक्यात राहतात. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ठेवण्यात फायदा नाही, नुसती दुर्गंधी वाढते.

आणखी एक, घरात कुत्रा असेल तर एरंडीची पेंड अजिबात आणू नका. ती त्यांना खावीशी वाटते आणि तिच्यातलं रिसिन जीवघेणं असतं.

अंधेरी, दक्षिणेची बाल्कनी
खताआधी ऊन मोजा. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. दक्षिणेच्या बाल्कनीत तेव्हा थेट ऊन जवळजवळ येत नाही, आणि डिसेंबरात तेच ऊन दिवाणखान्यापर्यंत पोचतं. उत्तरेच्या बाल्कनीचं बरोबर उलट. मिरचीला किमान पाच तास, टोमॅटोला सहा तास थेट ऊन हवं. तीन तासांच्या उन्हात वाढणाऱ्या झाडाला पूर्ण डोस दिला तर ते नुसतं उंच होतं, दोन पेरांमधलं अंतर वाढतं आणि फुलं गळतात. तिथे डोस अर्धा, किंवा सरळ पालक-पुदिना लावा.

बोरिवली, गॅलरी
मिरचीची पानं वळली की सगळे खताकडे धावतात. आधी पान उलटून बघा. पानं वरच्या बाजूला वळून द्रोणासारखी झाली असतील तर फुलकिडे (थ्रिप्स). कडा खाली वळल्या, देठ लांबट झाला, तर कोळी ही बारीक कीड (माइट). दोन्हींत खत वाढवलं तर कोवळी पालवी जास्त येते, म्हणजे किडीला खाणं जास्त.

फुलकिड्यांसाठी निळा चिकट सापळा आणि १०,००० पीपीएम तीव्रतेचा निंबोळी अर्क २ मिली प्रति लिटर, पानांच्या खालून, ऊन उतरल्यावर, पाच दिवसांनी पुन्हा. कोळ्यांसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, २ ग्रॅम प्रति लिटर. कडक उन्हात गंधक मारू नका, आणि निंबोळी फवारणीनंतर दोन आठवडे तर नकोच, पानं करपतात. पानं बारीक, पिवळट, शेंडा आखडलेला आणि झाडावर पांढरी माशी असेल तर तो विषाणूचा बोकड्या. त्याला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, नाहीतर शेजारची कुंडीही जाईल.

पिवळेपणाचंही तसंच. जुनी खालची पानं सगळीकडून पिवळी पडली तर नत्र कमी. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. एप्सम सॉल्ट ३ ग्रॅम प्रति लिटर फवारा, आठवड्याने पुन्हा. हेच चित्र कोवळ्या पानांवर दिसलं तर लोह कमी पडतंय, आणि बहुतेक वेळा कारण म्हणजे सतत ओली राहिलेली माती.

विलेपार्ले
केळ्याच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, कांद्याची सालं: कुंडीत थेट नको. चिलटं येतात, आणि कुजताना मातीतलं नत्र ओढलं जातं. कंपोस्टच्या डब्यात घाला, दोन-तीन महिन्यांनी वापरा.

कांजूरमार्ग
टोमॅटोचं बूड काळं पडतंय. अंड्याची टरफलं घालतोय, फरक नाही. काय करावं?

मुलुंड, पूर्वेची बाल्कनी
दादा, टरफलातला चुना विरघळायला फार वेळ लागतो, या हंगामात तो मिळणार नाही. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पण पाणी कधी भरपूर, कधी शून्य असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. रोज एकाच वेळी पाणी द्या आणि वर दोन इंच सुक्या पानांचं आच्छादन घाला. काळी पडलेली फळं काढून टाका. एवढ्याने पुढचा घोस सुधारला नाही तर कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम प्रति लिटर, आठवड्यातून एकदा, आणि त्या आठवड्यात १९:१९:१९ बंद. दोन्ही एकाच बादलीत मिसळू नका; कॅल्शियम आणि फॉस्फेटचा पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. एप्समही त्यात नको.

घाटकोपर, सहावा मजला
ज्यांच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं त्यांनी मातीवरचा पांढरा थर बघा. ते साठलेले क्षार. अशा कुंडीत खत घालत राहिलं तर ओल्या मातीतही झाड दुपारी मान टाकतं. कुंडी न्हाणीघरात नेऊन ३० लिटर साधं पाणी हळूहळू सोडायचं, खालून वाहून जाऊ द्यायचं, पूर्ण निथळल्यावर आठवड्याने अर्ध्या डोसने पुन्हा सुरुवात. बाल्कनीत हे करू नका, खालच्या मजल्यावरच्यांचे वाळत घातलेले कपडे खराब होतात. पालिकेचं तलावांचं पाणी येत असेल तर ही वेळ क्वचितच येते.

दहिसर, गच्ची
पावसाळ्याचं राहिलं. जून-जुलैच्या संततधारेत पातळ खत देऊ नका, तासाभरात वाहून जातं. उघडीप मिळाली की मूठभर गांडूळखत मातीत हलकेच मिसळा, एवढंच. कुंडीखालच्या ताटल्या चार महिने काढूनच ठेवा. मुळं कुजत नाहीत आणि डासांच्या अळ्याही होत नाहीत.

जुनी माती फेकू नका. मेमध्ये मुळं चाळून काढा, माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार इंचांचा थर पसरा आणि कडा दाबून तीन-चार आठवडे कडक उन्हात ठेवा. भरताना तीन भाग माती, एक भाग नवं गांडूळखत आणि कुंडीला ५० ग्रॅम निंबोळी पेंड. ज्या मातीत टोमॅटो होता तिथे पुढच्या हंगामात मिरची किंवा वांगं लावू नका, तिघांचे रोग सारखेच. गवार किंवा चवळी लावा.